मजूर पाठविणाऱ्या देशांचीही संघटना हवी

डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतील माराकेश शहरी बहुसंख्य राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी स्थलांतरविषयक जागतिक करारनाम्यास मान्यता दिली. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत १५२ राष्ट्रांनी त्याच्या बाजूने मतदान केले. अमेरिका, इस्रायल, हंगेरी, पोलंड आणि झेक प्रजासत्ताक ही पाच राष्ट्रे विरोधात गेली, बारा तटस्थ राहिली. भारताचे मत बाजूने पडले. या करारनाम्यात तेवीस उद्दिष्टे आहेत आणि त्यांतील एकही वाईट नाही. मजुरास न्याय्य रीतीने कामावर घ्यावे, त्याची पारपत्रे जप्त करू नयेत, त्याची कमाई स्वस्तात घरी पोचावी, अशा सर्व गोष्टी त्यात आहेत. मात्र हा दस्तऐवज कोणत्याही राष्ट्रावर कायद्याने बंधनकारक नाही, हेही त्यात आरंभीच स्पष्ट केलेले आहे. ज्याचा भंग केल्याबद्दल कोणालाही जाब विचारता येत नाही, अशा कराराचा आधार मालकाच्या दारात उभ्या असलेल्या मजुराला कितपत मिळणार, हा खरा प्रश्न आहे.

जागतिक अर्थव्यवस्थेत तीन गोष्टी सीमा ओलांडतात : माल, भांडवल आणि श्रम. मालासाठी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना आहे. तेथे एक राष्ट्र दुसऱ्याविरुद्ध दाद मागू शकते. अमेरिकेच्या अडवणुकीमुळे २०१९ च्या अखेरीस त्या संघटनेचे अपील-मंडळ ठप्प झाले हे खरे. तथापि निदान न्यायमंडळाची कल्पना तरी तेथे मान्य झाली. भांडवलासाठी गुंतवणूक-संरक्षणाचे शेकडो द्विपक्षीय करार आहेत. त्यांच्या आधारे एखादी खाजगी कंपनी सार्वभौम सरकारला लवादासमोर खेचू शकते. श्रमासाठी मात्र असे काहीच नाही. दोह्यात किंवा रियाधमध्ये सहा महिन्यांचे वेतन बुडालेला गवंडी कोणत्याही आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकत नाही. भांडवलाला हक्क मिळाले आणि श्रमाच्या वाट्याला सदिच्छा आल्या. हा योगायोग नव्हे. जगाच्या बाजारात कोणाचा शब्द चालतो याचे ते प्रतिबिंब आहे.

श्रमिकांसाठी बंधनकारक कायदा करण्याचा प्रयत्नच झाला नाही, असे नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९४९ आणि १९७५ मध्ये स्थलांतरित कामगारांविषयी दोन संकेत संमत केले. त्यानंतर १८ डिसेंबर १९९० रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने सर्व स्थलांतरित कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्या हक्कांचा विस्तृत संकेत स्वीकारला. तो अमलात येण्यासाठी अवघ्या वीस राष्ट्रांची मंजुरी पुरेशी होती. ती मिळून संकेत लागू होण्यास जुलै २००३ उजाडले. मंजुरी देणारी राष्ट्रे मुख्यतः मजूर पाठविणारी आहेत : फिलिपाईन्स, श्रीलंका, इंडोनेशिया, बांगलादेश, मेक्सिको. मजुरांना कामास ठेवणाऱ्या अमेरिकेने, पश्चिम युरोपने वा आखातातील एकाही राजवटीने त्यावर मोहोर उमटविलेली नाही. म्हणजे देणेकऱ्यांनी सही न केलेले हे वचनपत्र केवळ घेणेकरी आपसांत फिरवीत आहेत. आणि त्या घेणेकऱ्यांतही भारत नाही, ही शरमेची बाब होय.

यावरून स्थलांतराच्या बाबतीत राष्ट्रे सहकार्य करीतच नाहीत, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. श्रीमंत राष्ट्रांना जेव्हा हवे असते तेव्हा सहकार्य तत्परतेने होते आणि त्यासाठी पैसाही मिळतो. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी समझोता केला. माणसांचे लोंढे ग्रीसच्या बेटांवर पोचू नयेत यासाठी तुर्कस्तानातील निर्वासितांकरिता दोन हप्त्यांत सहा अब्ज युरो देण्याचे ठरले. २०१७ मध्ये इटलीने लिबियाशी करार करून तेथील किनारारक्षक दलास साहाय्य देऊ केले. समुद्रात अडवून लिबियात परत नेलेल्या माणसांचे तेथील छावण्यांत काय हाल होतात, हे संयुक्त राष्ट्रसंघाच्याच अहवालांत नमूद आहे. माणसांना अडविण्यासाठी करार, निधी आणि नौका असतात. आलेल्या माणसांच्या वेतनासाठी मात्र परिषदा भरतात.

सहकार्याचा दुसरा प्रकार निवडीचा. भारताने २०२१ मध्ये ब्रिटनशी आणि २०२२ मध्ये जर्मनीशी स्थलांतर व गतिशीलता भागीदारीचे करार केले. त्यांत विद्यार्थी, व्यावसायिक आणि कुशल कामगार यांच्यासाठी काही वाटा खुल्या झाल्या. मोबदल्यात कागदपत्रांविना राहिलेल्या भारतीयांना परत घेण्याची हमी भारताने दिली. शिकलेल्यांना प्रवेश आणि गरिबांची परतपाठवणी, असा हा व्यवहार आहे. ज्या परिचारिकेच्या शिक्षणाचा खर्च येथील समाजाने सोसला, तिच्या सेवेचा लाभ बर्लिनमधील रुग्णालयास मिळणार. त्या खर्चाची भरपाई कोणी करावी, हा विषय अशा करारांच्या केंद्रस्थानी येत नाही.

परंतु भारतीय कष्टकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र अरबी आखात हेच आहे. सहा आखाती देशांत सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. २०२२ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी १११ अब्ज डॉलर धाडले. एका वर्षात शंभर अब्जांची मर्यादा ओलांडणारा भारत हा पहिलाच देश ठरला. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये या रकमेतील सुमारे ३८ टक्के हिस्सा आखातातून आला. देशात येणाऱ्या या एकूण पैशाचा सुमारे पाचवा हिस्सा महाराष्ट्रात उतरतो. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील कित्येक गावांची घरे, मशिदी आणि शाळा या पैशावर उभ्या राहिल्या, गोव्यातही अनेक कुटुंबांचा संसार त्यावर चालला, हे सर्वश्रुत आहे. आयातीचे देणे भागविण्यास हे परकीय चलन उपयोगी पडते, म्हणून अर्थमंत्री त्याचे कौतुक करतात. ते कोणत्या अटींवर कमावले जाते, याची चौकशी क्वचितच होते.

या अटींचे नाव ‘कफाला’. या पद्धतीत परदेशी मजुराचा त्या देशातील निवास एका विशिष्ट मालकाच्या जामिनावर अवलंबून असतो. मालक सोडला की निवासाचा हक्क संपतो आणि मजूर गुन्हेगार ठरतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही एका खरेदीदाराची मक्तेदारी होय. विक्रेत्यास दुसरे गिऱ्हाईक शोधण्याची मनाई असली की वस्तूची किंमत गिऱ्हाईकच ठरवितो. येथे ती वस्तू माणसाचे श्रम आहे. त्यात दलालाचे कर्ज मिळते. व्हिसासाठी जमीन गहाण टाकून किंवा सावकाराकडून रक्कम उचलून गेलेला मजूर पहिली एक-दोन वर्षे केवळ त्या कर्जासाठी राबतो. मुंबईत एक करार दाखवावयाचा आणि तेथे उतरल्यावर कमी वेतनाच्या दुसऱ्यावर अंगठा घ्यावयाचा, ही लबाडीही जुनीच आहे. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ भागातील कामगारांच्या इमारतीला आग लागून किमान पंचेचाळीस भारतीय मृत्युमुखी पडले, तेव्हा हे मजूर कशा दाटीवाटीत राहतात ते देशाने क्षणभर पाहिले आणि लवकरच विसरूनही गेला.

याविरुद्ध मजूर पाठविणाऱ्या देशांनी काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. त्यांनी प्रयत्न केले, पण एकेकट्याने. आणि म्हणूनच ते फसले. फिलिपाईन्सने २००६ च्या अखेरीस आपल्या घरकामगार स्त्रियांसाठी दरमहा किमान ४०० डॉलर वेतनाची अट घातली. इंडोनेशियानेही आपल्या स्त्रियांच्या छळाविरुद्ध आवाज उठविला. २०११ च्या जुलैत सौदी अरेबियाने या दोन्ही देशांतून घरकामगार घेणेच बंद केले आणि मोर्चा इतर देशांकडे वळविला. पुढे फिलिपाईन्सशी तडजोड झाली, तरी स्वस्त श्रमाचा शोध थांबला नाही. २०१५ मध्ये बांगलादेशाने सौदी अरेबियाशी घरकामगार स्त्रिया पाठविण्याचा करार केला, त्यात वेतन ठरले दरमहा ८०० रियाल, म्हणजे सुमारे २१३ डॉलर. मनिलाने घातलेला भाव ढाक्याने निम्म्यावर आणला. यात ढाक्याच्या सरकारचे दारिद्र्य दिसते. रियाधच्या सरकारची चलाखीही दिसते.

भारताचा अनुभव वेगळा नाही. भारतीय घरकामगार स्त्रीला ठेवू इच्छिणाऱ्या मालकाने सुमारे अडीच हजार डॉलरची बँक-हमी द्यावी, ही अट २०१४ मध्ये कुवेतमध्ये अमलात आणली गेली. वेतन बुडाले अथवा छळ झाला तर त्या रकमेतून तिची सोडवणूक व्हावी, हा हेतू रास्तच होता. कुवेतने तीव्र आक्षेप घेतला, भारतीय स्त्रियांची भरती अडली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये भारताने अट मागे घेतली. पुढे कोविडच्या काळात याहून वाईट घडले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आखाती देशांसाठीचे किमान संदर्भ वेतन स्वतःहोऊन ३० ते ५० टक्क्यांनी उतरविले. भारतीयांचे रोजगार टिकावेत, असे त्याचे समर्थन करण्यात आले. ज्या वर्षी हजारो मजूर थकीत वेतनावर पाणी सोडून विमानात बसत होते, त्याच वर्षी त्यांच्या सरकारने त्यांची किंमत कमी केली. तेलंगण उच्च न्यायालयात या निर्णयाला आव्हान मिळाले, कामगारांतून निषेध झाला आणि जुलै २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

या सर्व घटनांचा अर्थ कामगार चळवळीत वाढलेल्या कार्यकर्त्यास समजावून सांगण्याची गरज नाही. गिरणीच्या फाटकाबाहेर शंभर बदली कामगार उभे असताना एकट्या कामगाराने वाढीव पगार मागितला तर काय होते, हे मुंबईने पाहिलेले आहे. मालक त्याला हाकलतो आणि रांगेतल्या पुढच्यास आत घेतो. यावर कामगारवर्गाने शोधलेला उपाय एकच : सर्वांनी मिळून एक दर ठरवावयाचा आणि त्याखाली कोणी काम करावयाचे नाही. आखाताच्या फाटकाबाहेर आज एकेकट्या राष्ट्रांची रांग आहे. मनिला अडले तर ढाका, ढाका अडले तर काठमांडू, काठमांडू अडले तर आफ्रिकेतील नैरोबी वा कंपाला. राष्ट्रे सार्वभौम असतील. पण श्रमाच्या बाजारात ती असंघटित रोजंदारांसारखी वागत आहेत.

पाठविणाऱ्या राष्ट्राच्या हाती बळ असते, हे या देशाने शंभर वर्षांपूर्वी अनुभवलेले आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत १८६० पासून ऊसमळ्यांसाठी भारतीय गिरमिटिये नेले जात होते. करार संपल्यावरही तेथे राहू पाहणाऱ्यांवर तीन पौंडांचा जाचक कर लादला गेला. फेब्रुवारी १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळसाठी मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो मान्य झाला आणि जुलै १९११ पासून ही भरती थांबली. १९१२ मध्ये गोखल्यांनी संपूर्ण गिरमिट पद्धतच रद्द करण्याचा ठराव आणला. सरकारी मतांपुढे तो पडला, पण पाच वर्षांतच, १९१७ मध्ये, गिरमिटाची भरती बंद करावी लागली. मध्यंतरी १९१३ मध्ये गांधीजींच्या सत्याग्रहात नाताळचे खाणकामगार आणि मळ्यांतील मजूर संपावर गेले आणि १९१४ मध्ये तीन पौंडांचा कर रद्द झाला. मायदेशातून पुरवठ्याची नाडी आवळली गेली आणि परदेशात मजुरांनी स्वतः हत्यार उपसले. या दोन्ही गोष्टी लागतात. परतंत्र देशातील एका नेमस्त नेत्याला जे सुचले, ते स्वतंत्र देशाच्या सरकारांना सुचू नये, हे आश्चर्य होय.

बंधनकारक दडपणाचा परिणाम आजही होतो, याचे उदाहरण कतार. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परिषदेत अनेक देशांच्या कामगार-प्रतिनिधींनी कतारविरुद्ध सक्तमजुरीची तक्रार दाखल केली. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकामुळे जगाचे लक्ष तेथे लागलेलेच होते. चौकशी आयोगाची टांगती तलवार दिसताच कतारने सुधारणांचा कार्यक्रम स्वीकारला. देश सोडण्यासाठी मालकाचा परवाना आणि नोकरी बदलण्यासाठी त्याची संमती या अटी काढून टाकण्यात आल्या. मार्च २०२१ पासून सर्व देशांच्या कामगारांना व घरकामगारांनाही दरमहा किमान १००० रियाल वेतन लागू झाले. अन्न व निवास मालक देत नसेल तर त्याची रक्कम वेगळी. अंमलबजावणीत अनेक पळवाटा राहिल्या, हे निर्विवाद आहे. तरी वर्षानुवर्षांच्या द्विपक्षीय सामंजस्य-पत्रांनी जे साधले नव्हते, ते एका सामुदायिक तक्रारीने साधले.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, किमान वेतनाचा आग्रह धरला तर मागणीच घटेल आणि गरिबाच्या तोंडचा घास जाईल. एका देशाने आग्रह धरला तर हे खरे आहे. आशियातील प्रमुख राष्ट्रांनी एकत्र धरला तर फारसे खरे नाही. दुबईच्या इमारती, रियाधची रुग्णालये आणि कुवेतची घरे परदेशी हातांविना एक आठवडाही चालणार नाहीत. मेपासून मजूर पाठविणे थांबवून नेपाळसारख्या लहान राष्ट्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये मलेशियाकडून भरती, व्हिसा व विमानभाडे यांचा खर्च मालकाने सोसण्याचा करार पदरात पाडून घेतला. दलालांनी पुढे त्यातूनही वाटा काढल्या; तरी नेपाळ एकट्याने जर इतके मिळवू शकतो, तर बारा राष्ट्रे मिळून किती मिळवतील, याचा हिशेब करावा.

दुसरा आक्षेप बंदीचा. पुरवठा रोखण्याच्या नावाखाली सरकारे स्त्रियांच्या परदेशी जाण्यावरच निर्बंध घालतात आणि त्या चोरवाटांनी, अधिक धोका पत्करून जातात. नेपाळच्या अशा बंदीमुळे तेथील कित्येक स्त्रियांना दिल्ली-मुंबईमार्गे दलालांच्या हाती पडून जावे लागले. हा आक्षेप ग्राह्य आहे. म्हणूनच मागणी माणसाच्या जाण्यावर बंदीची नसावी, कमी दराच्या करारावर बंदीची असावी. संप हा कामगाराला कायमचे घरी बसविण्यासाठी नसतो. चांगल्या अटींवर कामावर जाण्यासाठी असतो.

अशा संयुक्त कृतीसाठी नवे व्यासपीठ उभारण्याचीही गरज नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या कोलंबो प्रक्रियेत भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपाईन्स, इंडोनेशिया आदी मजूर पाठविणारे बारा आशियाई देश सामील आहेत. २००८ पासून अबू धाबी संवादात यांतील बहुतेक देश मजूर घेणाऱ्या देशांसमोर बसतात. दोन्हीकडे चर्चा ऐच्छिक आणि निर्णय अबंधनकारक. २०२४ मध्ये कोलंबो प्रक्रियेचे अध्यक्षपद प्रथमच भारताकडे आले. जगात सर्वाधिक स्थलांतरित ज्या देशाचे, त्याच्या हाती सुकाणू आले, तर त्याने दिशा द्यावयास हवी. समाजवादी चळवळीने सरकारपुढे ठेवावयाच्या मागण्या स्पष्ट आहेत. या बारा देशांनी प्रत्येक प्रमुख व्यवसायासाठी समान किमान वेतन ठरवावे आणि त्याखालील कोणताही करार कोणीही साक्षांकित करू नये. आदर्श करार सर्वांचा एकच असावा. भरतीचा खर्च मालकाने द्यावा. नेपाळने २०१५ मध्ये निदान धोरण म्हणून तरी हे तत्त्व जाहीर केले, तर भारताच्या १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालील नियमांनी मजुराकडूनच तीस हजार रुपयांपर्यंत सेवाशुल्क घेण्याची दलालांना मुभा दिली. तो कायदा बदलण्यासाठी २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये मसुदे प्रसिद्ध झाले. त्यांवर कामगार संघटनांनी या तत्त्वाचा आग्रह धरावयास हवा. मायदेशी परतलेल्या मजुराला थकीत वेतनाचा दावा येथूनच चालविता यावा. आणि १९९० च्या संकेतावर भारताने विनाविलंब सही करावी.

शेवटच्या मागणीला सरकार का कचरते, हेही कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. तो संकेत मान्य केला की भारतात आलेल्या परकीय मजुरासही तेच हक्क द्यावे लागतील. आणि येथेच चळवळीची खरी कसोटी आहे. बिहारमधून आलेला टॅक्सीचालक मुंबईत परका ठरवून २००८ मध्ये मारला-झोडला गेला. इमारतीच्या दारावर रात्र काढणारा नेपाळी पहारेकरी येथे कोणत्या वेतनावर राबतो, याची विचारपूस कोणी करीत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार तो हक्काने आलेला असतो, तरीही. दुबईत चिपळूणच्या सुताराला न्याय हवा असेल, तर चिपळूणमध्ये परप्रांतीय गवंड्याला तो नाकारता येणार नाही. ‘येथील भाकरी येथल्यांनाच’ असे म्हणणाऱ्यांच्या तोंडी आखातातील भावाच्या हक्कांची भाषा शोभत नाही. शिवाय ती तेथे कोणी ऐकूनही घेणार नाही.

हे काम दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयावर सोपवून भागणार नाही. मंत्रालयाला तेल, गुंतवणूक आणि राजनैतिक मैत्री यांचाही हिशेब असतो, आणि त्या तराजूत सुताराचे पारडे वर जाते. ते खाली आणावयाचे तर कोकणातील तालुक्यांत परतलेल्या व जाऊ घातलेल्या मजुरांच्या समित्या हव्यात. दलालांच्या पावत्या व बदललेले करार गोळा करणारे कार्यकर्ते हवेत. मुंबईच्या कामगार संघटनांचे ढाका, काठमांडू, कोलंबो आणि मनिला येथील संघटनांशी नित्याचे संबंध हवेत. सरकारांची एकजूट होण्यापूर्वी कामगारांची व्हावी लागते. गिरमिट सरकारच्या मेहेरबानीने संपली नव्हती. कफालाही तशी संपणार नाही.